एक्सएसएलटी इतकी उलटी का वाटते?

एक्सएसएलटी ही टॅग लावलेल्या एक्सएमएल दस्तऐवजाचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा; तिच्यात लिहिलेल्या नियमांच्या संचाला स्टाइलशीट म्हणतात. रिकामी स्टाइलशीट चालवून पाहा. नियम एकही लिहिलेला नाही, म्हणजे निकाल कोरा यावा. तसं होत नाही. दस्तऐवजातले सगळे टॅग गळून पडतात आणि मजकूर तेवढा एकाला एक चिकटून सलग बाहेर येतो. एक्सएसएलटी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा गोळा कधी ना कधी भेटतो. मला भेटला तेव्हा मी अर्धा दिवस स्वतःची चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. ही भाषा गृहीत धरते की मजकूर हाच दस्तऐवज आहे, आणि कुणी काही सांगितलं नाही तरी तो हरवता कामा नये. हा हिशेब प्रोग्रामरचा नाही, छापखान्याचा आहे.

मार्कअप हा शब्दही तिथलाच. छपाईला जाणाऱ्या हस्तलिखितावर संपादक खुणा करत: हे ठळक, इथे नवा परिच्छेद, हे शीर्षक अमुक टाइपात. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तशा या खुणा फाइलीत शिरल्या, पण प्रत्येक यंत्राच्या वेगळ्या. एका यंत्रासाठी तयार केलेली प्रत दुसऱ्यावर चालेना. मजकूर आणि त्याचं रूप वेगवेगळं ठेवावं, हा विचार विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ मध्ये मांडला. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी १९६९ पासून त्याच वाटेने जीएमएल ही मार्कअपची भाषा घडवली. नावातली तीन अक्षरं या तिघांच्या आडनावांची आहेत. तिच्यातून पुढे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ ८८७९, साल १९८६.

एसजीएमएलमध्ये 'हे शीर्षक आहे' एवढंच सांगायचं. शीर्षक दिसेल कसं, याबद्दल ती मूग गिळून बसते. त्यासाठी दुसरी भाषा हवी होती. ती यायला तब्बल दहा वर्षं लागली: डीएसएसएसएल, १९९६. एक्सएसएलटीचं गोत्र शोधायचं तर इथे थांबावं लागतं. डीएसएसएसएल ही लिस्पच्या कुळातल्या स्कीम या प्रोग्रामिंगच्या भाषेवर बेतलेली होती, आणि तीही स्कीमचा असा अंश घेऊन, ज्यात एकदा दिलेली किंमत बदलता येत नाही. त्यामागे विचार होता. कोणताही नियम दुसऱ्या नियमाच्या पोटात ढवळाढवळ करणार नसेल, तर दस्तऐवजाचे तुकडे कोणत्याही क्रमाने हाताळले तरी निकाल तोच येतो. जेम्स क्लार्क यांनी तिच्यासाठी जेड नावाचं इंजिन लिहिलं. भाषा समर्थ होती, पण कंसांच्या त्या जंगलात शिरायला फार थोडे लोक तयार झाले.

तोवर वेब आलं होतं. १९९४ मध्ये होकोन व्हियुम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती मान्य झाली. सीएसएस कपडे चढवते: रंग, अंतर, टाइप. प्रकरणांच्या शीर्षकांतून अनुक्रमणिका तयार करणं, तळटीपा गोळा करून शेवटी नेणं, ही कामं तिच्या आवाक्यातली नव्हती. तिथे टॅगांच्या पोटात टॅग असं दस्तऐवजाचं झाडच मोडून नवं बांधावं लागतं.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल, म्हणजे एसजीएमएलची सुटसुटीत आवृत्ती, मानक झालं, पण तिच्या स्टाइलशीटचा प्रस्ताव त्याआधीच, ऑगस्ट १९९७ मध्ये, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीकडे पोचला होता. नाव एक्सएसएल. डीएसएसएसएलची डोकेबाजी आणि सीएसएसचे गुणधर्म एकत्र आणायचे, आणि लिहायचं मात्र कंसांऐवजी टॅगांत. हा टॅगांचा निर्णय आजही लोकांना खटकतो. साधी अट लिहायची तर चार-पाच ओळींची मांडणी होते, आणि पाल्हाळाचा आरोप खोटा नाही. पण त्या निर्णयाचा फायदाही मोठा आहे. निकालात जे टॅग हवेत ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नियमात, जसेच्या तसे लिहिता येतात. शिवाय स्टाइलशीट हाच एक्सएमएल दस्तऐवज असल्यामुळे एक स्टाइलशीट दुसरी स्टाइलशीट तयार करू शकते. रिक जेलिफ यांची स्कीमाट्रॉन ही तपासणीची भाषा याच युक्तीवर उभी राहिली: तिच्यात लिहिलेले नियम एक्सएसएलटीत रूपांतरित व्हायचे आणि मग दस्तऐवजावर चालायचे.

काम पुढे सरकलं तसं लक्षात आलं की एक्सएसएलच्या पोटात दोन भाषा आहेत. एक झाड बदलते, दुसरी पानावर मांडणी करते. १९९९ मध्ये बदलणारी भाषा वेगळी काढली, ती एक्सएसएलटी. झाडातला नेमका भाग दाखवायची भाषा एक्सपॉइंटर या शेजारच्या कामालाही हवी होती, म्हणून तीही स्वतंत्र झाली, ती एक्सपाथ. दोन्ही १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मानक झाल्या. एक्सएसएलटीचे संपादक क्लार्कच होते, आणि एक्सपाथवर त्यांच्यासोबत स्टीव्ह डीरोझ. मांडणीचा भाग ऑक्टोबर २००१ पर्यंत रखडला. तोवर लोकांनी एक्सएमएलमधून थेट एचटीएमएल काढायला सुरुवात केली होती. मूळ बेतात हे जवळजवळ दुय्यम काम होतं.

म्हणजे सजावट वेगळी निघाली, पण 'स्टाइलशीट' हे नाव बदलणाऱ्या भाषेकडेच राहिलं. माझ्या मते शिकणाऱ्यांचं जितकं नुकसान या नावाने केलं तितकं कुठल्याही व्याकरणाने केलं नसेल. माणूस सीएसएसची थोरली बहीण समजून येतो आणि त्याला भेटते लिस्पची नात.

तो आणखी एका सवयीपायी अडखळतो. वरून खाली एकेक हुकूम द्यायचा, लूप फिरवायचा, बेरीज वाढवत न्यायची. एक्सएसएलटीत 'फॉर-ईच' आहे, म्हणून नवखा त्यालाच धरून बसतो आणि एका भल्यामोठ्या टेम्प्लेटमध्ये सगळं कोंबतो. साधा तक्ता असेल तोवर निभतं. पण परिच्छेदात ठळक शब्द, त्यात दुवा, दुव्यात तिरपी अक्षरं असा खरा मजकूर आला की हा डोलारा कोसळतो, कारण कशाच्या पोटात काय येईल हे आधी माहीत नसतं. तिथे उलट चालावं लागतं: 'असा नोड (झाडातला एक घटक) दिसला तर हे कर' असे छोटे नियम लिहायचे आणि 'ॲप्लाय-टेम्प्लेट्स' म्हणून दस्तऐवजालाच पुढे चालू द्यायचं. एक्सएसएलटी खऱ्या अर्थाने कळते ती बहुधा आयडेंटिटी टेम्प्लेटपाशी. एकच नियम सगळं जसंच्या तसं उतरवतो, आणि त्याच्या शेजारी बदलायच्या तेवढ्या नोडचे अपवाद लिहायचे.

व्हेरिएबल बदलत नाही, याचा त्रास पहिल्या आवृत्तीत फार झाला. किमतींची बेरीज करायला फंक्शन होतं, पण प्रत्येक ओळीतली किंमत गुणिले नग आणि मग त्यांची बेरीज म्हटलं की स्वतःलाच पुन्हा हाक मारणारं टेम्प्लेट लिहावं लागे. गट पाडणं तर त्याहून कठीण. ओरॅकलमधल्या स्टीव्ह म्युंक यांनी त्यावर तोड काढली: गटाच्या नावाने 'की', म्हणजे नोड शोधायची सूची, बांधायची, प्रत्येक नोडची ओळखखूण त्या गटातल्या पहिल्या नोडशी ताडून पाहायची, जुळली तर हा गटाचा म्होरक्या. ही म्युंकियन पद्धत वर्षानुवर्षं लोक मंत्रासारखी पाठ करत होते, अर्थ कळो न कळो.

त्यात इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने भर घातली. मानक ठरण्याच्या काही महिने आधी, मार्च १९९९ मध्ये, तो एक्सएसएलचा कच्चा मसुदा घेऊन बाजारात आला. त्याचा नेमस्पेस (टॅग कुठल्या भाषेचे ते सांगणारं नाव) वेगळा, वागणूकही वेगळी. मानक आल्यानंतरही जुन्या बोलीतली उदाहरणं फिरत राहिली, आणि ती उतरवून घेणाऱ्यांना 'पुस्तकातलं चालत का नाही' हे कोडं पडत राहिलं.

गट पाडायची साधी सोय, 'फॉर-ईच-ग्रुप', दुसऱ्या आवृत्तीत आली, पण तिला २३ जानेवारी २००७ उजाडलं. मधली सात वर्षं एक्सक्वेरी या एक्सएमएलमधून माहिती शोधायच्या भाषेच्या जोडीने एक्सपाथ २.० ठरवण्यात आणि डेटाप्रकारांच्या वादात गेली. संपादक मायकेल के होते; सॅक्सन हे इंजिनही त्यांचंच. ८ जून २०१७ रोजी ३.० आली. अवाढव्य दस्तऐवज पूर्ण स्मृतीत न घेता वाहता वाहता बदलायची सोय तिच्यात आहे, आणि जेसन हे डेटा लिहायचं दुसरं स्वरूप वाचायचीही. तोवर वेबवरची देवाणघेवाण जेसनने कधीच जिंकली होती.

ब्राउझर १.० च्या पुढे गेलेच नाहीत. क्रोममध्ये ही सोय काढून टाकण्याची चर्चा २०१३ मध्येच झाली होती, आणि २०२५ मध्ये तसा इरादा जाहीर झाला: वापर अत्यल्प, आणि त्यासाठी सांभाळावा लागणारा जुना सी-कोड सुरक्षेला धोका. म्हणून आज शिकणाऱ्याने ब्राउझरमध्ये धडे गिरवू नयेत. सॅक्सनसारखं इंजिन घेऊन थेट ३.० पासून सुरुवात करावी. म्युंकियन मंत्र जुना कोड वाचण्यापुरता माहीत असला की पुरे.

भाषा वापरात उरली आहे ती प्रकाशनात: शोधनिबंधांचं जेएटीएस, जुन्या ग्रंथांच्या डिजिटल आवृत्त्यांचं टीईआय, तांत्रिक पुस्तिकांचं डीटा आणि डॉकबुक. डॉकबुकच्या स्टाइलशीट नॉर्मन वॉल्श यांनी आधी डीएसएसएसएलमध्ये लिहिल्या होत्या, मग एक्सएसएलटीत.