टोमॅटोचा टेम्पो आणि समतोलाचे गणित

समजा, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे क्रेट २०० रुपयांना जाते आणि पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात २६० ला. भाडे-हमाली धरून क्रेटमागे खर्च ४०. मग टेम्पो पुण्याकडे वळणारच. आवक वाढली की पुण्याचा भाव उतरतो, नारायणगावचा चढतो आणि फरक ४० वर येऊन टेकतो. हाच समतोल. त्याहून कमी असेल तर टेम्पो कोणी भरतच नाही. आडत्यांना हे शिकवावे लागत नाही. अर्थशास्त्राला मात्र ते नीट मांडायला शंभरावर वर्षे लागली.

सुरुवात शेतातूनच झाली. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये योहान फोन थ्यूनेन टेलो नावाची जमीनदारी चालवायचा आणि तिच्या हिशोबवह्या काटेकोर ठेवायचा. १८२६ मध्ये त्याने एक कल्पित शहर मांडले. भोवती सगळीकडे सारखीच सपाट जमीन. शहराला लागून भाजी-दूध, मग चक्क जंगल, कारण सरपण वाहायला जड. त्यापलीकडे धान्य, शेवटी गुरे. हडपसर-मांजरीचा भाजीपाला मंडईत यायचा, तो याच हिशोबाने. (त्यातल्या बऱ्याच वावरांत आता इमारती आहेत. तेही थ्यूनेनला धरूनच झाले: जमिनीचे भाडे जो जास्त देईल, त्याची जमीन.)

१८३८ मध्ये फ्रान्सच्या कूर्नो या अर्थतज्ज्ञाने दोन बाजारांचे भाव वाहतूकखर्चाने कसे बांधलेले असतात, हे समीकरणांत लिहिले. पण बाजार वाढले की कोण कोणाला माल पाठवणार, हेच आधी ठाऊक नसते. १९५१ मध्ये स्टीफन एन्के याने यावर विजेचे सर्किट सुचवले! भावाऐवजी व्होल्टेज, मालाऐवजी करंट. मीटर वाचायचे, उत्तर घ्यायचे.

खरी कलाटणी पुढच्याच वर्षी मिळाली. पॉल सॅम्युएलसनने दाखवले की मागणी-पुरवठ्याच्या रेषांमधल्या क्षेत्रफळांची बेरीज घेऊन तीतून वाहतूकखर्च वजा करा. ही राशी जिथे सर्वांत मोठी, तिथेच समतोल. बाजारातला एकही माणूस ही राशी वाढवायला बसलेला नसतो, तरी उत्तर तेच येते. मला या सगळ्या इतिहासातली हीच जागा सर्वांत देखणी वाटते.

१९६४ मध्ये ताकायामा आणि जज यांनी ते संगणकाला सोडवता येईल अशा वर्गात्मक प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे वर्गपदे असलेल्या राशीची कमाल शोधण्याच्या गणिती पद्धतीत, बसवले. १९७१ च्या ग्रंथात त्यांनी जागेच्या जोडीला काळही घेतला. कांदा आज विकायचा की चाळीत ठेवायचा, हा मंचरच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याच साच्यातला; टेम्पोच्या भाड्याच्या जागी साठवणीचा खर्च आणि घट.