परदेश प्रवासातील अडचणी आणि त्यांची नोंद : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परदेशातून परतलेल्या ग्राहकांना वाटेत आलेल्या अडचणींची हकीकत आम्ही आवर्जून विचारतो व लिहून ठेवतो, कारण विमानतळावर गळ्याशी आलेल्या बहुतेक प्रसंगांचे मूळ शोधत गेले की ते मुंबईत, घर सोडण्यापूर्वीच सापडते. हे पत्रक त्या नोंदींवरून तयार केले आहे.

सर्वांत जास्त हळहळ होते ती तारखेच्या घोळाने. मुंबईहून आखाताकडे व युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००.४० ही वेळ छापलेली असेल, तर सहारच्या टर्मिनल २ वर १४ तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत पोहोचायला हवे. १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते, आणि पहिला टप्पा चुकला की विमान कंपन्या सहसा त्याच तिकिटावरील परतीचा प्रवासही रद्द करतात. म्हणून तिकिटासोबत घरातून निघण्याचा वार व वेळ आम्ही वेगळ्या कागदावर लिहून देतो. तो कृपया घरातील सर्वांना दाखवावा. पासपोर्टवर माहेरचे आडनाव असताना तिकीट सासरच्या आडनावाने काढणे, ही अशीच टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

दिवाळीच्या सुमारास दुबईला लेकीकडे फराळ नेणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे, की अनारशांना लावलेली खसखससुद्धा सोबत नेऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी असून पुडी लहान आहे किंवा ती खाण्यासाठीच आणली आहे, हा खुलासा तेथे पुरेसा ठरत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधालाही तेथे पूर्वपरवानगी लागते.

स्वस्त पडते म्हणून अमेरिकेमार्गे तिसऱ्या देशाचे तिकीट काढताना, तेथे केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा लागतो, हे आधी पाहावे.

सामानाच्या बाबतीत हक्क असतो, पण मुदत निघून गेलेली असते. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. त्यानुसार बॅग मोडलेली आढळल्यास ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, बॅगेचा टॅग जपून ठेवावा आणि तोवर विकत घ्याव्या लागलेल्या कपड्यांची बिलेही सांभाळावीत.

पासपोर्ट हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार करावी व ती घेऊन भारतीय दूतावासात जावे. तेथून मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर केवळ भारतात परतता येते, पुढील देशांचा दौरा करता येत नाही.

अडचण निस्तरल्यावर त्याच रात्री, आठवण ताजी असताना, वेळ, ठिकाण, कोणता कागद मागितला गेला आणि अधिकारी नेमके काय म्हणाले, एवढे मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. विमा कंपनीकडे दावा करताना हाच तपशील उपयोगी पडतो. परतल्यावर तो आमच्या दादरच्या कार्यालयात सांगावा. आपले नाव वगळूनच तो पुढील प्रवाशांना कळवला जाईल.