हाकोनेच्या घाटातून आलेली गाडी

केनइची यामामोतो हे जपानच्या माझदा कंपनीतले ज्येष्ठ इंजिनिअर. रोटरी इंजिन चालतं करून दाखवणारा माणूस म्हणून कंपनीत त्यांचा दबदबा होता. सहकाऱ्यांनी एकदा त्यांच्या हाती दुसऱ्याच कंपनीची गाडी दिली. ब्रिटिश ट्रायम्फ स्पिटफायर: दोन सीट, कापडी टप, ताकद बेताची. ती घेऊन यामामोतो टोकियोच्या नैऋत्येला असलेल्या हाकोनेच्या घाटात फिरून आले. कंपनीत नुसती रेंगाळत असलेल्या एका कल्पनेला त्यानंतर वजन आलं. त्या कल्पनेतून १९८९ साली जी गाडी निघाली तिला जपानमध्ये युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा आणि युरोपात एमएक्स-५ म्हणू लागले.

ही गोष्ट माझदाच्या गोतावळ्यात इतक्यांदा सांगून झाली आहे की तिला थोडा मुलामा चढलेला असणारच. पण त्यातलं ठिकाण मला पूर्ण पटतं. समजा, तीच स्पिटफायर त्यांना हायवेवर चालवायला दिली असती. शंभरच्या वेगात कापडाचा फडफडाट, ट्रकच्या चाकांचा आवाज थेट कानात, आणि शेजारून एखादी साधी फॅमिली कार आरामात पुढे निघून गेली असती. घाटात हे सगळं उलटं होतं. तिथे चाळीस-पन्नासचा वेगही भरपूर वाटतो, हाताला सतत काम मिळतं, आणि डोक्यावर पत्रा नसल्यामुळे वरचा कडा आणि खालची दरी एकाच नजरेत येतात.

याचं कारण गाडीइतकंच रस्त्यात आहे. जुने घाटरस्ते मोटारीसाठी बांधलेलेच नाहीत. हाकोनेतून जाणारा तोकाइदो हा एदो (आजचं टोकियो) ते क्योतो राजमार्ग पायी चालणाऱ्यांचा आणि घोड्यांचा होता. सतराव्या शतकात तिथे प्रवाशांची झडती घेणारी चौकी होती. आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट ऑस्ट्रियन साम्राज्यानं १८२० ते १८२५ या काळात बांधून घेतला, लोम्बार्डी आणि तिरोल जोडायला. कार्लो दोनेगानी या इंजिनिअरपुढचा प्रश्न सरळ होता: घोडागाडी आणि सैन्याचं सामान २७५७ मीटर उंचीवर न्यायचं कसं? घोडा उभा चढ ओढत नाही. म्हणून चढ सौम्य ठेवायचा, लांबी वाढवायची आणि जागा संपली की रस्ता उलटा फिरवायचा. पायथ्याच्या एकट्या प्रातो गावाच्या बाजूनं अशी ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबराचा दगड आहे. आपल्या बोरघाटाची कुळकथा वेगळी नाही. खंडाळ्याचा चाकांच्या गाड्यांना चालणारा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या हस्ते खुला झाला, तेव्हा मोटार कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

मुद्दाम मोटारीसाठी आणि हौसेसाठी बांधलेला घाट बघायचा तर ऑस्ट्रियात जावं लागतं. फ्रान्झ वालाक यांनी आखलेला ग्रोसग्लोकनरचा रस्ता ३ ऑगस्ट १९३५ ला खुला झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर मोटारींची शर्यत लागली. हा रस्ता सुमारे ४८ किलोमीटर लांब आणि ३६ वळणांचा. म्हणजे कारण बदललं तरी वळणांची रीत घोड्याच्या काळातलीच राहिली.

आता टपाचं. सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या त्या हौसेनं नव्हे. बंद बॉडी हातानं बांधावी लागे, ती जड आणि महाग पडे, त्यामुळे छप्पर ही श्रीमंतांची गोष्ट होती. १९२० च्या दशकात पोलादी पत्रा साच्यात दाबून बॉड्या बनू लागल्या. अमेरिकेत हडसन कंपनीनं १९२२ मध्ये एसेक्स ही स्वस्त बंद गाडी आणली आणि पाच-सात वर्षांत चित्र पालटलं. लोकांना पाऊस, धूळ आणि थंडी नकोच होती. त्यानंतर उघडी गाडी घेणारा माणूस मुद्दाम घेऊ लागला. गरिबीची गोष्ट चैनीची झाली, आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीचं झालं तसं.

या चैनीला खरं रूप दिलं ते युद्धानंतरच्या ब्रिटननं, आणि तेही नाइलाजानं. देशाला डॉलर हवे होते. पोलाद मिळायचं तर गाड्या परदेशात विकून दाखवा, असा सरकारी खाक्या होता. १९४५ ची एमजी टीसी ही गाडी बघितली तर हसू येतं: उंच बारीक चाकं, वेगळे पंख्यासारखे मडगार्ड, युद्धाआधीचीच बनावट, आणि स्टिअरिंग फक्त उजवीकडे. चार वर्षांत दहा हजार बनल्या. इंग्लंडमध्ये राहून गेलेल्या अमेरिकी सैनिकांना ती आवडली आणि तिकडे अशा गाड्यांची चटक लागली. १९५३ च्या सनबीमनं तर आल्प्समधल्या रॅलीवरून ‘अल्पाइन’ असंच नाव घेतलं. त्याच डोंगरांतून धावणारी लिएज–रोम–लिएज ही रॅली १९६० मध्ये पॅट मॉस आणि अ‍ॅन विस्डम या दोघींनी ऑस्टिन-हीली ३००० मधून जिंकली. नुसता महिला गटाचा करंडक नव्हे, अख्खी रॅली. ती लाल-पांढरी ‘बिग हीली’ चालवायला हाताला दम लागायचा, त्यामुळे ‘स्पोर्ट्स कार हे पुरुषांचं काम’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली असणार.

मग आलं १९६२. त्या एका वर्षात एमजीबी, जोवान्नी मिकेलोत्तीनं रेखलेली ट्रायम्फ स्पिटफायर आणि कॉलिन चॅपमनची लोटस एलान, तिघी बाजारात उतरल्या. एलान त्यातली सर्वांत हुशार. पोलादाचा एक कणा, त्यावर फायबरग्लासची बॉडी, वजन सातशे किलोच्या आसपास. चॅपमनचा सगळा भर वजन काढण्यावर होता, आणि घाटात त्याचं म्हणणं लगेच कळतं: जड गाडीला चढावर इंजिन कमी पडतं, उतारावर ब्रेक कमी पडतात आणि वळणावर टायर. हलक्या गाडीला तिन्ही पुरतात.

या गाड्या मेल्या त्या हळूहळू. अमेरिकेचे सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक होत गेले. ते नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. पण ब्रिटिश कंपन्यांकडे नवी गाडी बनवायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी जुन्यावरच ठिगळं लावली. १९७४ पासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि बंपरची उंची नियमात बसावी म्हणून गाडीच साधारण इंचभर उचलली. घाटातल्या गाडीला एक इंच म्हणजे फार. ती वळणावर कलू लागली, धुराच्या नियमांनी इंजिनाचा श्वास कोंडला, आणि गाडी उलटली तर काय या भीतीनं टपाशिवायची गाडीच बंद होणार असं लोक धरून चालले. १९७६ मध्ये कॅडिलॅकनं आपली एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली. एमजीबी आणि स्पिटफायर दोन्ही १९८० मध्ये थांबल्या. इटलीची आल्फा स्पायडर मात्र टिकून राहिली.

याच्या एकच वर्ष आधी, १९७९ मध्ये, बॉब हॉल हा अमेरिकी मोटार-पत्रकार हिरोशिमात यामामोतोंना भेटला होता. माझदानं पुढे कोणती गाडी बनवावी, असं त्यांनी त्याला विचारलं. हॉलनं अर्ध्या जपानीत, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं की ब्रिटिशांची ती साधी, हलकी, उघडी गाडी आता कोणीच करत नाही, ती तुम्ही करा. आणि फळ्यावर चित्र काढून दाखवलं. दोन वर्षांनी हॉल माझदाच्या अमेरिकी शाखेत नोकरीलाच लागला.

कंपनीतला पुढचा झगडा मला सर्वांत रंजक वाटतो. तीन प्रस्ताव आले. टोकियोच्या स्टुडिओनं एक आराखडा पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ताकद असा दिला, दुसरा इंजिन मध्यभागी ठेवून. कॅलिफोर्नियाची, म्हणजे हॉलच्या अमेरिकी शाखेतली, मंडळी जुन्या पद्धतीला चिकटून होती: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. हिशेबानं पहिला सर्वांत स्वस्त. पण त्यात पुढच्या चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही. चढाच्या हेअरपिनमध्ये वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि नेमकी तिथेच ओढ हवी असते. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाचा आराखडा जिंकला.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी कामाला एक जपानी शब्द बांधून दिला: ‘जिनबा इत्ताई’. स्वार आणि घोडा एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्यांच्या परंपरेतला हा शब्द. घोड्यासाठी आखलेल्या रस्त्यांवर शोभणाऱ्या गाडीला घोड्याचाच शब्द मिळावा, हा योगायोग त्यांच्या मनात होता की नाही कोण जाणे, मला मात्र तो सोडवत नाही. आणि तो नुसता जाहिरातीतला शब्द राहिला नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमची एक तुळई टाकली, म्हणजे पाय दाबला की मधल्यामध्ये काही पिळवटत न बसता ताकद थेट चाकाला जाते. वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. इंजिन १६०० सीसीचं, जपानी गाडीला १२० अश्वशक्ती. वजन ९४० किलो. त्यापेक्षा मोठं इंजिन घालता आलं असतं, घातलं नाही. हे न घालणं मला त्या गाडीतलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं.

मी या गाडीत बसलो तो कॅलिफोर्नियात, तिकडे नोकरी करणाऱ्या एका मित्राच्या लाल, बऱ्याच वापरलेल्या मियाटामध्ये. सांताक्रूझच्या डोंगरावर, स्कायलाइन रस्त्यावर. निघताना मी उत्साहानं टपाची कडी सोडायला गेलो तर तो ओरडला, “अरे थांब, आधी मागची चेन!” मागची खिडकी काचेची नव्हे, प्लॅस्टिकची, तिची चेन उघडून ती आधी आडवी करायची, नाहीतर घडी पडून तडकते. मग वरच्या दोन कड्या, आणि टप एका हातानं मागे. मोटर नाही, बटण नाही. हीटर पायांवर सोडलेला, डोक्यावर थंडगार धुकं. वळण आलं की तो ब्रेक दाबून तिसऱ्यातून दुसरा टाके, छोटासा ‘खट्’ आवाज होई आणि नाक आत वळे. रेडवूडच्या झाडांच्या सावलीत शिरलं की ओल्या सालीचा वास आणि हवेत एकदम गारवा, उन्हात आलं की पुन्हा ऊब. बंद गाडीत एसी चोवीसवर ठेवून यातलं काही कळलं नसतं. वेग कितीचा होता? मी एकदा पाहिला, पस्तीस मैल.

ही गाडी विकत घेणारे भेटतील का, याची धास्ती कंपनीला होतीच. म्हणून १९८५ मध्ये इंग्लंडातल्या एका फर्मकडून चालता नमुना बनवून तो सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला. लोक मागे लागून ‘ही कुठली गाडी’ विचारू लागले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती समोर आली, किंमत १३,८०० डॉलर. मग ज्यांना हा बाजार संपला असं वाटत होतं ते सगळे परतले: फियाट बार्केटा, एमजीएफ, बीएमडब्ल्यू झेड३, मर्सिडीज एसएलके. २००० साली सर्वाधिक खपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात मियाटाची नोंद झाली, तेव्हा आकडा ५,३१,८९० होता. दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये बाहेर पडली. मधल्या पिढ्यांत गाडी अंगानं भरली, ते जुन्या लोकांना खपलं नाही. चौथ्या पिढीत सर्वांत साधं जपानी मॉडेल पुन्हा ९९० किलोवर आणलं.

ती आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलीच नाही. आपल्यासाठी माझदा म्हणजे स्वराज माझदा, शाळेची मिनीबस. कंपनी मात्र आपल्या नावाचा उगम पारशांच्या अहुर मज्दाशी जोडते, संस्थापक मात्सुदा यांच्या आडनावाबरोबरच. उघड्या गाडीचा देशी प्रयत्न बेंगळुरूच्या सॅन मोटर्सनं १९९८ मध्ये केला: सॅन स्टॉर्म, फायबरग्लासची बॉडी, फ्रेंच डिझाइन, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. रस्त्यावर फार थोड्या दिसल्या. आपल्या घाटांना खरी शोभा येते ती पावसाळ्यात, आणि तेव्हाच टप उघडता येत नाही; उरलेल्या दिवसांत पुढे लाल डब्याचा धूर आणि चढणीला लागलेल्या ट्रकची रांग असते. ताकद असती तरी सॅन स्टॉर्मनं काय केलं असतं, हा प्रश्नच आहे. पण आकारानं आणि वजनानं ती आंबेनळीच्या वळणांना अगदी बेतून शिवल्यासारखी होती.

जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या आता तिशी ओलांडून गेल्या. कापड विटतं, प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडते. माझदानं २०१७ मध्ये जाहीर केलं की या गाड्या कंपनी स्वतः पुन्हा उभ्या करून देईल, आणि त्यासाठी बंद झालेले भाग परत बनवायला घेतले: टपाचं मूळ पोताचं कापड, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, आणि ब्रिजस्टोनकडून त्याच जुन्या नक्षीचा १८५ मिलिमीटर रुंदीचा, चौदा इंची टायर. आजच्या कितीतरी साध्या हॅचबॅकना यापेक्षा रुंद टायर असतो.