पाणी घातलेला खंड आणि अर्धा वाढलेला खंड

लांबलचक फँटसी मालिका वाचणाऱ्यांच्या गप्पांत दोन पुस्तकांची नावं हटकून एका दमात घेतली जातात. एक, रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम'चा दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' (2003). दुसरं, जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा चौथा खंड, 'अ फीस्ट फॉर क्रोज' (2005). दोन्हींबद्दलची तक्रारही एकच असते: "काहीच घडत नाही, नुसतं पाणी घातलंय."

मला ही सरमिसळ बरेच दिवस खटकते आहे. वरणात पाणी वाढवणं वेगळं आणि ताट अर्धंच वाढणं वेगळं. जेवणारा दोन्ही वेळा नाराज होऊन उठतो, पण त्याला हवं असतं ते वेगळं. (पुढे दोन्ही पुस्तकांतलं थोडं कथानक उघड होणार आहे.)

आधी जॉर्डन. नववा खंड, 'विंटर्स हार्ट', नोव्हेंबर 2000 मध्ये आला. त्याच्या शेवटी नायक रँड आणि त्याची सोबतीण नायनीव्ह मिळून जादूचा पुरुषांच्या वाट्याचा अर्धा भाग शुद्ध करतात. हजारो वर्षं या जादूला हात लावणारा पुरुष वेडा होत आला होता, तो शाप त्या एका दिवसात संपतो. वाचक पुस्तक मिटतो ते "आता पुढे?" असं म्हणत. मग सव्वादोन वर्षं वाट बघतो. जानेवारी 2003 मध्ये दहावा खंड हातात येतो आणि तो पुढे जायच्या ऐवजी मागे जातो. रँडची बाकी सोबती मंडळी आपापल्या वाटेवर: मॅट सर्कशीबरोबर लपतछपत फिरतोय, एलेन सिंहासनासाठी सरदारांची जुळवाजुळव करतेय, एग्वेनचं सैन्य टार व्हॅलॉन शहराला वेढा घालून बसलंय, पेरिन पळवून नेलेल्या बायकोचा माग काढतोय. प्रत्येकाची गोष्ट शुद्धीकरणाच्या त्याच दिवसापर्यंत आणून सोडली जाते. जादू जाणणाऱ्या बायकांना दूर कुठेतरी प्रचंड शक्तीचा वणवा पेटल्यासारखा जाणवतो, त्या थबकतात, घाबरतात, तर्क करत बसतात. आपल्याला मात्र तो वणवा कोणी पेटवला आणि त्याचं काय झालं हे ठाऊक असतं. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, तिसऱ्यांदा नाही. ज्याच्यासाठी एवढी वाट पाहिली तो रँड तर सुमारे पावणेसातशे पानांत जेमतेम भेटतो.

म्हणजे वाचक चिडले ते कपड्यांच्या, चहाच्या, आंघोळीच्या वर्णनांवर, पण दुखणं वर्णनांत नव्हतं. जॉर्डन पहिल्या खंडापासून तसाच लिहीत आला होता, आणि तेव्हा त्याच वर्णनांचं कौतुक होत होतं. दुखणं होतं उत्कंठा काढून घेण्यात. शेवट माहीत असलेल्या दिवसाकडे माणसांना पुन्हा पुन्हा चालवत नेलं की रस्ता लांबच वाटणार.

आता मार्टिन. तिसरा खंड 2000 मध्ये आला. त्याच्या शेवटी वाचकांचं लाडकं पात्र टिरियन स्वतःच्या बापाला मारून पळतो. कुठे जातो? पाच वर्षांनी चौथा खंड आला, त्यात टिरियन नाही. मालिकेतली दुसरी मोठी पात्रं, म्हणजे डेनेरिस नाही. ब्रॅन नाही. जॉन आहे तो त्याचा मित्र सॅम याच्या प्रकरणात तोंड दाखवण्यापुरता. झालं असं, की हस्तलिखित एका पुस्तकात मावेना. तेव्हा मार्टिननं गोष्ट काळाने न तोडता माणसांनी आणि प्रदेशांनी तोडली: राजधानी किंग्ज लँडिंग, नदीकाठचा मुलूख, डॉर्न आणि लोहद्वीपं या खंडात, बाकीचे पुढच्यात. शेवटी एक टिपण जोडून त्यानं हे सांगितलं आणि राहिलेली मंडळी पुढच्या वर्षी भेटतील अशी आशाही दाखवली. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' जुलै 2011 मध्ये आला. टिरियन कुठे गेला हे कळायला अकरा वर्षं. शाळेत असताना तिसरा खंड वाचलेली पोरं तोवर नोकरीला लागली असतील.

हा राग खरा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो पुस्तकात नसलेल्या गोष्टींवरचा राग आहे. जे आहे ते बघा. ब्रिएन ही लढवय्यी बाई एका मुलीच्या शोधात लढाईनं उद्ध्वस्त झालेल्या मुलखातून चाललेली असते. वाटेत मेरिबाल्ड नावाचा भटका पुजारी सोबतीला येतो: अनवाणी, लिहितावाचता न येणारा, बरोबर एक गाढव आणि एक कुत्रा. कुत्र्याचं नाव 'कुत्रा'. तो पळपुट्या सैनिकांबद्दल बोलायला लागतो. गावातली साधी पोरं धन्याच्या हाकेवर आनंदानं निघतात, मग भाऊ मरतात, मित्र मरतात, मेलेल्यांच्या पायातले बूट काढून घालावे लागतात, आणि एक दिवस कोणीतरी मोडतो आणि पळत सुटतो. "तुम्ही लढाईला गेलात तेव्हा किती वर्षांचे होता?" असं विचारल्यावर म्हातारा ब्रिएनबरोबरच्या पोराचा दाखला देतो. एवढाच. या प्रसंगात कथानक बोटभरही सरकत नाही. तरी अख्ख्या मालिकेत युद्धाबद्दल याहून खरं काही लिहिलेलं मला आठवत नाही. याला पाणी घालणं म्हणणाऱ्यानं तो उतारा एकदा मोठ्यानं वाचावा.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. पुढचा खंड उशाशी ठेवून वाचा आणि तक्रार उरते का ते बघा. 'फीस्ट'ची बरीचशी उरत नाही, कारण टिरियन पुढच्या पुस्तकात बसलेलाच असतो. चाहत्यांनी तर दोन्ही खंडांची प्रकरणं एकात एक गुंफून वाचायचे क्रम तयार केले आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी ते सुचवणार नाही, दुसऱ्या वाचनाला मजा येते. 'क्रॉसरोड्स'ची तक्रार मात्र कमी होते, जात नाही. अकरावा खंड, 2005 चा 'नाइफ ऑफ ड्रीम्स', शेजारी असला तरी दहाव्यातली चाल तीच राहते.

"पैशासाठी लांबवतोय" हा आरोप जॉर्डनवर त्या काळात सर्रास झाला. तो मला तेव्हाही पटला नाही. सप्टेंबर 2007 मध्ये तो आजारपणात गेला, आणि जाण्याआधी मालिकेचा शेवट कसा व्हायचा हे घरच्यांना सांगून, टिपणं मागे ठेवून गेला. त्यावरून ब्रँडन सँडरसन या लेखकानं शेवटचे तीन खंड पुरे केले, तिसरा जानेवारी 2013 मध्ये. ज्याला नुसतं ताणायचं असतं तो मृत्यूशय्येवर शेवट सांगत बसत नाही.

म्हणून दहावा खंड गाळून सारांशावर भागवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. निदान पेरिनची प्रकरणं वाचा. सो हाबोर नावाच्या गावात तो सैन्यासाठी धान्य घ्यायला जातो. पोत्यांत किडे, गावावर भुतांची सावली, तरी ते धान्य पाखडून घ्यायचं. उपाशी माणसांचा प्रश्न इतक्या जवळून दाखवणारं पान फँटसीत क्वचित सापडतं. त्यानंतर तो कैद्यांकडून बायकोचा ठावठिकाणा काढायला कुऱ्हाड उचलतो आणि एकाचा हात तोडतो. पहिल्या खंडात एलायस नावाच्या जाणत्या सोबत्यानं त्याला बजावलेलं असतं, की जोवर या कुऱ्हाडीचा तिटकारा वाटतो तोवर ती जवळ ठेव, तो वाटेनासा झाला की फेकून दे. 1990 मध्ये लिहिलेलं ते वाक्य तेरा वर्षांनी इथे येऊन पोचतं. पेरिन कुऱ्हाड तिथेच सोडतो आणि वळून चालायला लागतो.