सेक्रेटरीची एक्सेल म्हणजे आय रजिस्टर नाही हो!

आपल्याकडच्या हाऊसिंग सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतोय, की मेंबरांची यादी सेक्रेटरीच्या एक्सेलमध्ये आहे, सगळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत, मग ते आय रजिस्टर, म्हणजे सभासदांची नोंदवही, कशाला भरत बसायचं. हे चूक आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३८ प्रमाणे सभासद नोंदवही ठेवावीच लागते, त्यात नाव, पत्ता, व्यवसाय, शेअर्स, मेंबर कधी झाला, मेंबरशिप कधी संपली, आणि नॉमिनेशन कधी नोंदवलं तेही येतं. आणि मेंबरशिपच्या तारखेचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कायदा हीच वही धरतो. ग्रुपवर तर भाडेकरूही असतात, फ्लॅट विकून गेलेलेही असतात! मेंबर वारला की घरच्यांना खरी गरज पडते ती या नॉमिनेशनच्या नोंदीची, आणि नेमकी तीच कोरी असली की फार वाईट वाटतं.

एक्सेल जरूर ठेवा, पण वहीवरून बनवा, कॉपी दोन जणांकडे असू दे, कमिटी बदलली की लेखी ताबा द्या. फोन नंबर, आधारची झेरॉक्स ग्रुपवर टाकू नका. वही मात्र लपवायची नसते, कायद्याप्रमाणे मेंबरला ती ऑफिसात फुकट बघता येते.