गुण सुईचा की ऋतूचा?

जुलैच्या मध्यावर उकाडा टिपेला पोचला की चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत रांगा लागतात. रांगेतल्या बहुतेकांना त्या दिवशी काहीच होत नसतं. दमा, जुनाट खोकला, सतत गळणारं नाक ही त्यांची दुखणी थंडीतली. पण हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यातच पकडायचं, असा तिकडचा जुना दंडक आहे. म्हणून पाठ उघडी करून पालथं पडायचं. मग पाठीच्या तिसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना, दीड अंगठ्याच्या अंतरावर, आणि अशाच आणखी काही ठरलेल्या जागी, म्हणजे ॲक्युपंक्चरच्या सुया टोचतात त्याच बिंदूंवर, काळपट लगद्याच्या छोट्या टिकल्या चिकटपट्टीने लावल्या जातात. या उपचाराला ‘सानफू’ पट्टी म्हणतात. 21 जूनच्या सुमारास सर्वांत मोठा दिवस येतो. त्यानंतर दहा दिवसांच्या जुन्या चिनी चक्रातला सातवा दिवस तिसऱ्यांदा आला की पहिली पट्टी. पुढच्या साधारण दहा-दहा दिवसांनी.

लगद्यात असते पांढऱ्या मोहरीची पूड, आल्याचा रस आणि काही मुळ्या. ही कृती 1695 सालच्या चांग लू यांच्या वैद्यकग्रंथात आहे. काही तासांत पाठ चुरचुरते, लाल होते, एखाद्याला फोडही येतात. यात गूढ काही नाही. मोहरीतल्या सिनाल्बिनला ओलावा मिळाला की त्यातून झणझणीत आयसोथायोसायनेट सुटतं आणि ते कातडीतल्या मज्जातंतूंना डिवचतं. रुग्णालयातलं स्पष्टीकरण मात्र वेगळं: या दिवसांत शरीरातला ‘यांग’, म्हणजे उष्ण अंश, शिखरावर असतो आणि कातडीची रंध्रं उघडी असतात. तेव्हाच औषध आत मुरवून थंडीची तजवीज करून ठेवायची.

या विचाराचं मूळ दोन हजार वर्षांहून जुन्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकग्रंथात सापडतं. वसंतात उशिरा झोपा, लवकर उठा, केस मोकळे सोडून अंगणात फिरा; हिवाळ्यात लवकर झोपा आणि ऊन येईपर्यंत उठू नका, असा त्यातला सल्ला. आपल्या ऋतुचर्येची सवय असलेल्याला हे परकं वाटणार नाही. चिनी वैद्यांनी मात्र ऋतूंच्या मांडणीत भावनाही गोवल्या. वसंत, यकृत आणि राग एका ओळीत. शरद, फुप्फुसं आणि शोक दुसऱ्या. हिवाळ्याच्या वाट्याला मूत्रपिंडं आणि भीती. उन्हाळ्याकडे हृदय आणि हर्ष. म्हणजे आनंदसुद्धा प्रमाणाबाहेर गेला तर दुखण्याचं कारण! चार ऋतूंत चिनी विचारातली पाच तत्त्वं (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) बसेनात, तेव्हा उन्हाळ्याच्या दमट शेपटाला पाचवा ऋतू मानून प्लीहा आणि चिंता तिथे बसवली. निरीक्षणापेक्षा जुळवाजुळव जास्त, असं माझं मत.

शिवाय हे सगळं चीनच्या हवामानाला धरून आहे. भारतात ॲक्युपंक्चर रुजवलं ते डॉ. बिजय कुमार बसू यांनी. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते एक. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तिकडे जाऊन ही विद्या शिकून आले. सुया इथे आल्या, पण ऋतू कसे येणार? जुलैत चीनमध्ये यांग शिखरावर असतो, तेव्हा कोकणात पाऊस धो धो कोसळत असतो आणि उन्हाळ्याचा कहर मे महिन्यातच उरकलेला असतो.

बरं, तत्त्वज्ञान बाजूला ठेवू. गुण येतो की नाही?

ऋतूंशी बांधलेल्या दुखण्यांत हे ठरवणं फार अवघड, कारण ऋतू स्वतःच बदलतो. गेल्या हिवाळ्यात ज्याचा दमा फारच बळावला, तोच जुलैत रांगेत उभा राहतो. इतका वाईट हिवाळा सहसा लागोपाठ येत नाही. पुढचा थोडा बरा जाण्याचीच शक्यता जास्त. तो बरा गेला की श्रेय पट्टीला. परागकणांची शिंक हंगाम सरला की थांबते, थंडीतली मरगळ वसंतात उतरते. मधल्या काळात जो उपचार चालू असेल, त्याच्या पदरात यश पडतं.

हा घोळ टाळायचा तर तुलनेला दुसरा गट हवा, आणि त्या गटाला लुटुपुटीचा उपचार. सुईचं सोंग कसं करणार? 1998 साली जर्मनीतल्या श्ट्राइटबर्गर यांनी एक बोथट सुई पुढे आणली. नाटकातल्या खंजिरासारखी ती आपल्याच मुठीत सरकते. टोचल्यासारखं वाटतं, पण आत काही जात नाही. बऱ्याच चाचण्यांत खऱ्या सुयाच भलत्या जागी, वरवर टोचतात.

जर्मनीत परागकणांमुळे नाक गळणाऱ्या 422 जणांवर अशी चाचणी झाली. 2013 साली ती प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत बारा वेळा सुया. आठ आठवड्यांनंतर खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेले लोक भलत्या जागी घेतलेल्यांपेक्षा थोडे बरे होते. सोळाव्या आठवड्यात फरक उरला नव्हता. कंबरदुखीवरची जर्मन चाचणी आणखी बोलकी: 1,162 रुग्ण, निकाल 2007 चा. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्क्यांना गुण आला, लुटुपुटीच्या सुयांनी 44.2 टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. बिंदू कुठला याने जवळजवळ काही बिघडलं नाही. सुया टोचून घेण्याने मात्र बराच फरक पडला.

मनाच्या दुखण्यातही हाच पेच. ब्रिटनमधल्या 755 नैराश्यग्रस्तांच्या चाचणीत तीन महिन्यांनी ॲक्युपंक्चर नेहमीच्या उपचारांहून सरस ठरलं, पण समुपदेशनही जवळपास तितकंच सरस ठरलं. लुटुपुटीचा गट तिथे नव्हताच. माझा संशय सुईपेक्षा तिच्या भोवतीच्या गोष्टींवर आहे. वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटांनी नाडी पाहतो, जीभ बघतो, झोप-शौच-स्वप्नं विचारतो. मग अर्धा तास तुम्ही शांत पडून राहता. गर्दीच्या ओपीडीत हे कुणाला मिळतं? शिवाय ‘मन खचलंय’ असं म्हणावं लागत नाही. मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1980 साली चीनच्या हुनान प्रांतात ‘मज्जादौर्बल्य’ असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. डोकेदुखी, निद्रानाश, थकवा अशा तक्रारी घेऊन ते आले होते. 87 जणांना तीव्र नैराश्य होतं.

सुई अगदीच निष्क्रिय आहे असंही नाही. उंदराच्या गुडघ्याजवळ ती फिरवली की तिथल्या ऊतीत ॲडिनोसिन हे रसायन वाढतं आणि वेदना कमी होते, हे 2010 साली दिसलं. पण वेदना वेगळी, शरद ऋतूतला शोक वेगळा. टोरांटोत किंवा लंडनमध्ये दर हिवाळ्यात खचणाऱ्या मराठी माणसाने आधी डॉक्टरशी प्रकाशोपचाराबद्दल बोलावं: सकाळी अर्धा तास 10,000 लक्सचा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) दिवा. त्याचा पुरावा सुयांपेक्षा पक्का आहे.

काढ्यांची गोष्ट मात्र वेगळी, तिथे रसायनं खरीच असतात. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आलं आणि त्यासाठी तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं. 1990 च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया नावाची दुसरीच वनस्पती गेली, आणि शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं बिघडली. तेव्हा पुडीवर घटकांची नावं नसतील तर ती घेऊ नका. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. आणि दम्याचा पंप किंवा नैराश्याची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.