उद्योजक व्हिसा

परक्या देशात स्वतःचा व्यवसाय काढून तो तिथेच राहून चालवण्यासाठी परदेशी नागरिकाला मिळणारा प्रवेश व निवासाचा परवाना. नोकरीच्या व्हिसात अर्जदाराच्या पाठीशी कंपनी उभी असते. इथे अर्जदार स्वतःच मालक, तेव्हा त्याची हमी कोणी द्यायची हा प्रश्न उरतो. कुठे गुंतवलेला पैसा ही हमी मानली जाते, कुठे मान्यताप्राप्त संस्थेचे पत्र, तर कुठे सरकारी खातेच व्यवसायाचा आराखडा तपासून निकाल देते.

कंपनी नोंदवली म्हणजे राहण्याचा हक्क मिळाला, ही या विषयातली सर्वांत मोठी गल्लत. अनेक देशांत परदेशी माणसाला समभाग घेता येतात, संचालकही होता येते. तिथे बसून कारभार पाहायचा तर परवानगी वेगळी लागते. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी २०१४ साली सुरू झाली. तिच्या डिजिटल कार्डावर घरबसल्या एस्टोनियन कंपनी काढता येते, मात्र ते कार्ड दाखवून देशात प्रवेश मिळत नाही. त्यासाठी २०१७ पासून स्टार्टअप व्हिसा आहे.

पैशाला महत्त्व देणाऱ्यांत अमेरिका ठळक. तिचा ई-२ व्हिसा फक्त करार झालेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि चीन त्या यादीत नाहीत. गुंतवणूक ‘भरीव’ हवी एवढेच नियम सांगतो, आकडा देत नाही. रक्कम नुसती बँकेत पडून असली तर ती गुंतवणूक धरत नाहीत. जागेचा भाडेकरार, यंत्रे, माल अशा ठिकाणी ती गुंतलेली आणि बुडण्याची जोखीम घेतलेली दिसावी लागते. मुदत पुन्हा पुन्हा वाढते, पण ई-२ वरून थेट ग्रीन कार्ड मिळत नाही. ते ईबी-५ या गुंतवणूकदार व्हिसामधून मिळते. २०२२ च्या कायद्याने त्याची रक्कम १०,५०,००० डॉलर, तर जास्त बेरोजगारीच्या वा ग्रामीण भागात ८,००,००० डॉलर ठरवली. शिवाय १० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्या लागतात. हा मार्ग खरे तर धनिकांचा, खिशात फक्त कल्पना असणाऱ्याचा नव्हे. बाहेरून भांडवल मिळवलेल्या नवउद्योगांच्या संस्थापकांसाठी २०१७ चा आंतरराष्ट्रीय उद्योजक नियम आहे. त्याखाली ३० महिन्यांचा ‘पॅरोल’, म्हणजे राहण्याची तात्पुरती मुभा मिळते, व्हिसा नव्हे.

ब्रिटनने उलटी वाट धरली. तिथला २ लाख पौंडांचा टियर-१ आंत्रप्रेन्योर व्हिसा मार्च २०१९ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. एप्रिल २०२३ पासूनच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसाला किमान रकमेची अट नाही. पण व्यवसाय नवा, टिकणारा आणि वाढू शकणारा आहे असे मान्यताप्राप्त संस्थेने लिहून द्यावे लागते. चारचौघांसारखे दुकान किंवा सलून इथे अडते. कॅनडाने २०१३ साली याहून सढळ हात दाखवला आणि थेट कायमचा निवास देऊ केला. व्हेंचर फंडाकडून (नव्या कंपन्यांत पैसा लावणारा निधी) २ लाख किंवा स्वतःचा पैसा लावणाऱ्या एंजल गुंतवणूकदारांकडून ७५ हजार कॅनेडियन डॉलर आणायचे. नवउद्योगांना घडवणाऱ्या इन्क्युबेटर संस्थेने स्वीकारले तर रकमेची अटच नव्हती. ही सढळता अंगाशी आली. अर्जांचा ढीग साचला आणि २०२४ मध्ये प्रत्येक संस्थेला वर्षाला १० प्रस्तावांची मर्यादा घालावी लागली.

जर्मनीत निवास कायद्याच्या कलम २१ खाली आर्थिक हित, स्थानिक गरज आणि भांडवलाची सोय पाहिली जाते. वयाची ४५ वर्षे उलटलेल्यांना साधारणपणे म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. सिंगापूरच्या आंत्रेपास या उद्योजक परवान्याची नकारयादी वाचण्यासारखी आहे : कॉफी शॉप, फूड कोर्ट, बार, मसाज पार्लर, नोकरभरती एजन्सी आणि चक्क फेंगशुईसारखा जागेचे शुभाशुभ सांगण्याचा व्यवसाय. या धंद्यांसाठी बाहेरचा माणूस नको, असा त्याचा सरळ अर्थ.

पहिला परवाना बहुतेक ठिकाणी अल्प मुदतीचा असतो. नेदरलँड्सचा स्टार्टअप परवाना एकाच वर्षाचा असतो, तोही अनुभवी मार्गदर्शक संस्थेशी करार असेल तरच. खरी कसोटी नूतनीकरणाची. तेव्हा आराखड्याऐवजी हिशेब, कर आणि पगारपत्रके तपासली जातात. मध्येच नियम बदलण्याचा धोका असतोच. जपानने ऑक्टोबर २०२५ मध्ये बिझनेस मॅनेजर व्हिसासाठीची भांडवलाची अट ५० लाख येनांवरून ३ कोटी येनांवर नेली; आधीच्या परवानाधारकांना नव्या अटी गाठायला तीन वर्षांची मुदत मिळाली.